दूध उतरेपर्यंत

माझ्या मुलीचं जन्माचं वजन दोन किलो चारशे ग्रॅम होतं. नवव्या दिवशी ते एक किलो नऊशे भरलं. हे दोन आकडे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील. त्या महिन्यातलं बाकी पुष्कळ मी विसरले, किंवा विसरले असं सांगत आले.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण माझी आई मी बारावीत असतानाच गेली. वडील आणि भाऊ अशा दोन पुरुषांच्या घरात बाळंतीण ठेवणार कोण आणि तिला न्हाऊ घालणार कोण? म्हणून मी सासरीच राहिले. सासर भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईपासून थोडं आत. घरात पिढीजात मेंढरं. सासरे पूर्वी आठ-आठ महिने मेंढरांमागं फिरायचे. आता तीन एकरांत कापूस आणि मका, आणि चाळीसेक मेंढ्या उरल्या होत्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. नवरा वाळूजला कंपनीत, आठवड्यातून एक दिवस घरी. तेव्हा माझ्या आणि बाळाच्या बाबतीत जो काय कारभार होता तो आत्यांचा.

आता माझ्याबद्दल. मी बी.एस्सी., बी.एड. जवळच्या गावातल्या शाळेत तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवायचे. ऑगस्टात स्तनपान सप्ताह आला की मुलांची गावातून फेरी काढायचं काम माझ्याकडे असायचं. पहिलं पिवळं दूध म्हणजे बाळाची पहिली लस, असं फळ्यावर लिहून मी सलग तीन वर्षं पाठ करून घेतलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण कुणीतरी माझ्याकडे बघूनच केली असावी.

बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात झालं. नर्सबाईंनी पोर माझ्या छातीवर ठेवली, 'पाजा' म्हणाल्या आणि शेजारच्या खाटेवरची बाई ओरडली म्हणून तिकडे धावल्या. पोरीनं तोंड लावलं, सोडलं आणि झोपून गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. आत्यांनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, मला कापसाच्या ढिगाशेजारच्या खोलीत बाजेवर निजवलं आणि सांगितलं, "तीन दिस चीक पाजायचा न्हाई. जड ऱ्हातो. लेकराचं पोट फुगतं."

मी पोर त्यांच्या हातात दिली. लोकांना हे सांगितलं की ते म्हणतात, तू तर शिकलेली! हो, शिकलेली. पण अंगात ताप, टाके ठणकत होते, आई नव्हती, आणि समोर उभ्या बाईनं स्वतःची चार बाळंतपणं काढलेली. माझ्या खात्यावर तीन फेऱ्या. आत्यांनी गरम पाण्यात फडकं पिळून छाती शेकली आणि माझं घट्ट पिवळं दूध त्याच फडक्यात पिळून काढलं. ते फडकं अंगणातल्या लिंबाच्या बुडाशी धुतलं. पोरीला कापसाच्या वातीनं गुळाचं पाणी दिलं.

त्याच दिवशी संध्याकाळी अंगणात एक मेंढी व्याली. खिडकी उघडीच होती. पहिलारू मेंढी, कोकराला जवळ येऊ देत नव्हती. मामांनी तिला दोन गुडघ्यांत धरलं, थानाची पहिली धार पिळून मोकळी केली आणि कोकराचं तोंड तिथं लावलं. शेजारच्या माणसाला ते सांगत होते, "आधी चीक जाऊ दी पोटात. चीक गेला न्हाई तं कोकरू दुसरा दिस पाहत न्हाई." कोकराची शेपटी हलायला लागली तसे ते हसले. मी आत बाजेवर पडून ऐकत होते आणि मला त्या मेंढीचा हेवा वाटला. मामा बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकत नसत, आणि बायकांच्या कामात बोलायचं नाही हा त्यांचा नेम होता. मीही त्यांना हाक मारली नाही.

चौथ्या दिवशी पोरीला अंगावर घेतलं तेव्हा माझी छाती दगडासारखी झाली होती. पोरीला तोंड धरता येईना. गुळाच्या पाण्यावर तिची भूक भागेना म्हणून आत्यांनी गायीच्या दुधात निम्मं पाणी घालून बाटली सुरू केलेली. बाटलीला चोखायचे कष्ट नाहीत. अंगावर लावलं की पोर दोन घोट ओढी, रडे, मान फिरवी. बाटली दाखवली की गप्प. दोन दिवसांनी माझी छाती मऊ पडली. मला बरं वाटलं. ती मऊ का पडली हे मला कळायला हवं होतं. कुणी घेईना म्हणून दूध परत चाललं होतं.

मग सुरू झाली दूध वाढवायची खटपट. आत्यांवर मी आजवर पुष्कळ राग काढला, पण हे खरं की त्या पहाटे चारला उठायच्या. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, खारीक, खोबरं, शेपूची भाजी, मेथी, लसणाची फोडणी, बाजरीची चुरलेली भाकर, वर वाटीभर तूप. जालन्याहून नवऱ्याकरवी शतावरीची पूड आणवली. बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी. जगातलं सगळं मला खाऊ घातलं, फक्त पाणी दिलं नाही. दिवसाला दोन फुलपात्री कोमट पाणी, तेही मोजून. "बाळंतिनीनं पानी पिलं की पोट सुटतं, आन् लेकराला सर्दी व्हती." ओठ फुटले होते माझे. एकदा मोरीत आंघोळीच्या बादलीतलं पाणी मी ओंजळीनं प्यायले, चोरासारखी.

शेजारणी यायच्या. कुणी म्हणे दृष्ट लागली, कुणी म्हणे पाठीला वारं लागलं. आत्यांनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या. एक दिवस दाराशी बोलताना आत्यांच्या तोंडून मी ऐकलं, "आमच्यात कोन्ही भाकड न्हवती बाई आजपस्तोर." त्या कुणाला दुखवायला बोलल्या नव्हत्या, काळजीनं बोलल्या होत्या. मेंढरांच्या घरात दूध न देणारीला दुसरा शब्दच नाही. पण मी भिंतीकडे तोंड केलं.

गावच्या आशा कार्यकर्त्या, म्हणजे आमच्या आशाताई, तिसऱ्या दिवशी येऊन गेल्या होत्या. "पाजून राह्यली ना?" त्यांनी विचारलं. आत्या म्हणाल्या, "पाजती की." मी मान हलवली. ही माझी पहिली लबाडी. दुसरी पुढं येते.

नवव्या दिवशी आशाताई पुन्हा आल्या. त्यांनी पोरीला झोळीत घातलं, काटा वर धरला, आकडा बघितला, झोळी उतरवून काटा झटकला आणि परत धरला. मग पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती जागच्या जागी उभीच राहिली.

"लघवी किती टाइम केली कालपासून?"

मला सांगता येईना. आत्यांनाही. हगवण चालू होती तेवढं ठाऊक होतं.

"आत्ता निघायचं," आशाताई म्हणाल्या आणि गाडीसाठी फोन लावला. वाटेत त्या माझ्याकडे न बघता पोरीचे तळपाय चोळत राहिल्या. मला तेच बरं वाटलं.

जालन्याच्या दवाखान्यात नवजात बाळांचा विभाग वरच्या मजल्यावर होता. काचेच्या आत पेट्या, बाहेर आयांची लांब खोली. सोबतच्या माणसांना वर थांबू देत नसत. आत्या खाली पत्र्याच्या शेडमध्ये राहायच्या आणि जेवणाचा डबा जिन्यापर्यंत आणून द्यायच्या; नवरा सुटीच्या दिवशी येऊन जायचा. पोरीच्या हाताला सलाइन लागलं, नाकातून पोटात बारीक नळी गेली. सिस्टरनी मला स्टीलची वाटी दिली. तिच्यावर चिकटपट्टीनं आमचा नंबर लावला होता.

"बाटली परत दिसली तर तुम्हाला आणि बाटलीला दोघींना खाली टाकीन," त्या म्हणाल्या. मग माझा हात धरून शिकवलं. अंगठा वर, बोटं खाली, आधी छातीकडे दाबायचं, मग जवळ आणायचं, बोंड ओढायचं नाही. दर दोन तासांनी. दूध येवो न येवो. "विहीर उपसली की झरे सुटतात. बसून राहिलात तर गाळ. आणि पाणी प्या, बाई. तुमचे ओठ बघा."

त्या दिवशी मी एका दमात तांब्याभर पाणी प्यायले आणि हमसून हमसून रडले.

पहिल्या वेळी अर्धा तास पिळून तीन मिली निघालं. वाटीचं बूडसुद्धा झाकलं नाही. पोरीला एका वेळी पंधरा लागत. बाकीचं पावडरीचं दूध. दुसऱ्या वेळी चार. तिसऱ्या वेळी पुन्हा तीन. मी वाटी तिरकी करून बघायचे, जणू तिरकी केल्यानं ते वाढणार होतं.

माझ्या शेजारच्या खाटेवर अंबडकडची एक बाई होती. तिचं पोट कापून बाळंतपण झालेलं. मुलगा अडीच महिने आधीच आलेला, एक किलोच्या आत-बाहेर. ती सावळी, उंच, बोलायला मोकळी. आणि तिला दूध! ती वाटी मांडीवर घ्यायची आणि बघता बघता वाटी निम्मी व्हायची. तिच्या मुलाला एका वेळी दोन मिली पुरायचं. बाकीचं ती तसंच झाकून ठेवायची आणि पुढच्या वेळी मोरीत ओतायची. सिस्टर आम्हा सगळ्यांना तिचं उदाहरण द्यायच्या. मला तिचा राग यायचा. अगदी मनापासून राग यायचा, हे मला लिहायलाच हवं. ती मला धीर द्यायची, "येईल गं, जल्दी करू नको, मला पहिल्या टायमाला लै उशिरा आल्तं," आणि मी तोंडदेखलं हसायचे. तरी पण दोघी शेजारी, दिवसरात्र एकाच कामाला जुंपलेल्या. दुसऱ्याच दिवशी आम्ही एकमेकींचे फोन नंबर घेतले. मी तिचा 'अंबडवाली' म्हणून साठवला.

दवाखान्यातल्या चौथ्या दिवशी सकाळी तिचा मुलगा गेला. तिचा नवरा आला, टॉवेलात गुंडाळलेलं ते बोचकं छातीशी धरून जिना उतरला. तिच्या टाक्यांमुळे तिला डॉक्टरांनी अजून एक दिवस ठेवलं. तिला तिथंच, आमच्यात, त्याच खाटेवर. तिची वाटी सिस्टरनी उचलून नेली. पण छातीला कोण सांगणार? दुपारपर्यंत तिचं पोलकं भिजलं. मग छाती ताठली, ताप चढला. ती बेसिनजवळ उभी राहून पिळत होती आणि नळ सोडून ठेवला होता, म्हणजे आम्हाला आवाज जाऊ नये.

त्याच दुपारी माझ्या पोरीचं पोट थोडं फुगलं. डॉक्टर म्हणाले, पावडरीचं दूध तिला सोसत नाही असं दिसतंय. आईचं जेवढं वाढेल तेवढं वाढवा. माझ्या वाटीत पाच मिली होतं.

ती बाई माझ्या खाटेवर येऊन बसली. खाली बघत म्हणाली, "तुझ्या पोरीला दे माझं. वाटीत काढून देते. तसं बी वाया चाललंय." मग ती स्वतःच उठून सिस्टरकडे गेली. सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तिच्या सगळ्या तपासण्या झालेल्या आहेत, मी डॉक्टरांना विचारलंय, त्यांची ना नाही. पण तुमच्या घरचे हो म्हणायला हवेत. सासूबाईंना विचारून या."

मी जिन्यापर्यंत गेले. आत्या खाली शेडमध्ये होत्या, वरून दिसत होत्या. भाकरी बांधत होत्या. मी कठड्याशी पाच मिनिटं उभी राहिले आणि परत फिरले.

"आत्या नको म्हणतात," मी सांगितलं.

सिस्टरनी खांदे उडवले. त्यांना अशा सासवा रोज भेटत असणार. ती बाई मात्र माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बराबर हाय. माझं गेलंय ना." आणि आपल्या खाटेवर जाऊन पडली.

मी का नाही म्हणाले? इतकी वर्षं मी वेगवेगळी कारणं शोधली. आता सरळ सांगते. तिचं मूल मेलं होतं आणि मला वाटलं, ते मरण दुधातून माझ्या पोरीकडे येईल. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला असं वाटलं. तिच्या खाटेवरच्या कागदावर तिचं आडनाव होतं आणि त्यावरून तिची जात मला पहिल्याच दिवशी कळली होती, तेही होतं. आणि माझ्या पोरीनं तिचं दूध पिऊन बाळसं धरलं असतं तर मी कोण उरले असते? तेही होतं. तिन्ही कारणं माझीच. आत्यांचं नाव फक्त सोयीचं होतं, कारण त्यांच्यावर कुणीही विश्वास ठेवला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सोडलं. तिनं जुन्या लुगड्याची पट्टी छातीला करकचून बांधली होती. जाताना माझ्या वाटीत डोकावली. "किती?"

"सहा."

"वाढून राह्यलं," ती म्हणाली आणि भिंतीचा आधार घेत गेली.

त्याच संध्याकाळी पोरीनं हिरवी उलटी केली. पोट ढोलासारखं ताठ झालं. डॉक्टरांनी नळीतून सगळं बंद केलं. दूध बंद, पाणी बंद, फक्त सलाइन. वजन एक किलो सातशे. मी विचारलं, वाचेल का. ते म्हणाले, आज काही सांगता येत नाही. मी विचारलं, पावडरीच्या दुधामुळं झालं का. ते म्हणाले, कशामुळं झालं हेही सांगता येत नाही. त्यांना येत नसेल. मी मात्र त्या रात्रीपासून रोज स्वतःला त्यांचंच वाक्य ऐकवत आले आहे.

दुसऱ्या दिवशी मामा एसटीनं आले. त्यांना आणि आत्यांना मुद्दाम वर बोलावलं, कारण पोरीचं काही खरं नव्हतं. काचेतून दाखवलं. मामांनी टोपी काढली. सिस्टर बाहेर आल्या आणि आत्यांना पाहून त्यांचा राग उसळला. "आजी, परवा त्या बाईचं दूध घेऊ दिलं असतं तर काय बिघडलं असतं तुमचं? चांगली वाटीभर देत होती. तुम्ही नको म्हणालात."

"म्या?" आत्या म्हणाल्या. "कवा?"

सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या. मी जमिनीकडे.

"कोन्ही इचारलं मला?" आत्या माझ्याकडे वळल्या. "काय गं? कोनती बाई?"

मी सांगितलं. शेजारची. जिचा मुलगा गेला ती. मी सांगत असताना मामा म्हणाले, "मेंढरात आपन असं करीत न्हाई. जिचं कोकरू मेलं तिला दुसरं लावतो." बायकांच्या कामात ते बोलले ते तेवढंच एकदा, आणि तेही माझ्याकडे न बघता.

आत्या खाली फरशीवर बसल्या. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटणार. पण त्या हळूच बोलल्या. "ह्याच्या पाठचं एक झाल्तं मला," म्हणजे माझ्या नवऱ्याच्या पाठचं. "दीड म्हैन्याचं गेलं. तवा आमी मेंढरामागं होतो, गोदावरीच्या आंगाला. तिथं एका बाईला दूध न्हवतं. तिचं पोरगं रडून रडून निळं पडल्तं. म्या पाजलं त्याला. तीन म्हैने पाजलं. कोनाची व्हती ती, मी इचारलं न्हाई, तिनं सांगितलं न्हाई." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "मला एकडाव इचारायचं तरी व्हतं."

मी त्यांच्या चिकाच्या फडक्यावर, मोजलेल्या पाण्यावर, त्या भाकड शब्दावर राग धरून इतके दिवस जगत होते. पोरीचं जे झालं ते त्यांनी केलं, असा माझा हिशेब पक्का होता. चीक पाजायचा नाही हे त्यांना त्यांच्या सासूनं सांगितलं होतं आणि त्यांनी ते मुकाट पाळलं. दुसरीच्या लेकराला पाजावं हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. ते त्यांनी आपल्या मनानं केलं होतं, नवऱ्याला आणि लोकांना न विचारता, स्वतःचं मूल पुरून आल्यावर. माझ्याकडे पदव्या दोन होत्या आणि मी जिन्यापर्यंत जाऊन परत आले होते.

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आत्यांनी त्या दिवसापासून सिस्टरशी भांडून वर बसायची परवानगी मिळवली. पोरीच्या नळीतून काही जात नव्हतं, तरी मला पिळत राहायचं होतं, नाहीतर होतं तेही आटलं असतं. दिवसा दर दोन तासांनी, रात्री दर तीन तासांनी. आत्या उशाशी तांब्या घेऊन बसायच्या. "पी," म्हणायच्या. बाळंतिणीच्या पाण्याबद्दल त्या परत एक शब्द बोलल्या नाहीत, आणि आपलं चुकलं असंही म्हणाल्या नाहीत. नुसता तांब्या पुढं करायच्या. माझी मान आणि पाठ रगडायच्या. पाठ रगडली की धार लवकर लागते हे आम्हाला दोघींना तिथंच कळलं. आठ मिली. नऊ. पुन्हा सात, त्या दिवशी मी वाटी भिंतीवर फेकली आणि आत्यांनी ती उचलून, धुऊन, परत माझ्या हातात दिली. बारा. सगळं वाया जाणारं दूध. मी ते बेसिनमध्ये ओतायचे, त्याच बेसिनमध्ये.

दूध बंद केल्यापासून चौथ्या दिवशी पोरीचं पोट मऊ झालं आणि डॉक्टर म्हणाले, दोन मिली देऊन बघू. तुमचंच. माझ्या वाटीत अठरा होतं. दोन तिच्या नळीत गेलं आणि मी अर्धा तास काचेला कपाळ टेकून बसले, ते बाहेर येतं का बघत. आलं नाही.

मग रोज थोडं थोडं. पोरीला उघडी करून माझ्या छातीवर बांधायचे, वरून आत्यांची शाल. ती झोपायची आणि माझ्या दुसऱ्या बाजूनं आपोआप ओघळायचं. पहिल्यांदा ओघळलं तेव्हा पोलकं भिजलेलं बघून मला आनंद व्हायला हवा होता. मला शेजारच्या खाटेवरचं ते भिजलेलं पोलकं आठवलं आणि मी शाल घट्ट ओढून घेतली. पंचवीस. चाळीस. ती बाई गेल्यानंतर नवव्या दिवशी नळी निघाली, पोरीनं स्वतः तोंड धरलं आणि गिळल्याचा आवाज आला. आत्या म्हणाल्या, "लागली." दोन किलो शंभरला आम्हाला घरी सोडलं.

पोर जगली. आता ती पाच वर्षांची आहे, अंगानं बारीक, पोटाचं दुखणं अधूनमधून येतंच. गावातल्या नव्या बाळंतिणींना आत्या माझ्याकडे पाठवतात. "मास्तरीनबाईला इचारा, तिनं सुकलेलं दूध परत आनलं." मी त्यांना सांगते : चीक टाकू नका, बाटली आणू नका, पाणी प्या, दर दोन तासांनी पाजा नाहीतर पिळा, लेकरू छातीशी उघडं धरा. सगळं खरं सांगते. दुसऱ्या बाईचं दूध मिळत असेल तर काय करायचं, ते मात्र मला कुणी विचारत नाही आणि मी होऊन सांगितलेलं नाही.

फोनमध्ये 'अंबडवाली'चा नंबर तेव्हापासून तसाच होता. मी फोन बदलला तेव्हा तोही नव्या फोनमध्ये आला. फोन करायचा करायचा म्हणत पोरीचं पहिलं वर्ष गेलं. पोरीचं जावळ काढलं त्या दुपारी पाहुणे जेवायला बसले होते, मी मागच्या अंगणात आले आणि नंबर लावला. मला वाटलं उचलणार नाही. तिनं दुसऱ्या घंटेला उचलला.

मी कोण ते सांगितलं. ती ओळखेना. खाट सांगितली, भोकरदनकडची म्हणून सांगितलं. मग तिला आठवलं.

"लेकरू हाय का?" तिनं विचारलं.

"आहे."

"बरं झालं." खरंच बरं वाटल्यासारखं ती म्हणाली. "मला वाटलं गेलं आसंल. मंग तुझंच दूध आलं?"

"आलं. तुम्ही गेल्यावर, आठ-नऊ दिवसांनी." मग मी म्हणाले, "त्या दिवशी आमच्या आत्यांना मी विचारलंच नव्हतं. मीच नको म्हणाले होते."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "तू जिन्यातून परत आल्ती ना, मी पाहून राह्यले होते."

घरातून पोरीच्या रडण्याचा आवाज आला, तो तिकडे गेला असणार. ती ऐकत असावी, कारण पोर गप्प झाल्यावरच ती बोलली.

"माझं म्हैनाभर येत राह्यलं," ती म्हणाली. "बांधून बांधून थकले, पन थांबेच न्हाई. रोज मोरीत पिळायची."